सहा तारा, तीन कॉन्टॅक्टर

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये दोन वर्षांत हाताखालून बरंच काही जातं. घरगुती वायरिंग होतं, अर्थिंग होतं, ट्रान्सफॉर्मर आणि वाइंडिंगही होतं. पण पुढे कारखान्याच्या मेंटेनन्सला उभं राहायचं असेल तर एक काम दोनदा-तीनदा नीट झालेलं असावं: रिकाम्या पॅनेलपासून स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी स्टार जोडणीत कमी करंटवर उठवून मग डेल्टात नेणारी यंत्रणा) उभा करणं आणि मग त्यात दुसऱ्यानं मुद्दाम टाकलेले फॉल्ट मीटरनं शोधून काढणं. साखर कारखान्यातला पंप असो की एमआयडीसीतल्या शेडमधला ब्लोअर, व्हीएफडी (मोटारचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) सगळीकडे आले तरी हा स्टार्टर अजून पदोपदी भेटतो. वर्कशॉपमध्ये आम्ही हे काम ज्या क्रमानं करतो आणि करवून घेतो, तोच क्रम इथे मांडतो आहोत.

मोटार साडेसात एचपीची, म्हणजे 5.5 किलोवॅटची. नेमप्लेट आधी वहीत उतरवायची: 415 व्होल्ट, डेल्टा, 50 हर्ट्झ, 1440 आरपीएम, करंट साधारण 11 अँपिअर. यातला ‘डेल्टा’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. मोटारची तीन वाइंडिंग त्रिकोणात जोडली की डेल्टा, तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधली की स्टार. 415 व्होल्टला डेल्टामध्ये चालणारी मोटारच स्टार-डेल्टावर घेता येते. प्लेटवर 230 डेल्टा / 415 स्टार असं लिहिलेली लहान मोटार या स्टार्टरवर घातली, तर डेल्टात गेल्या गेल्या प्रत्येक वाइंडिंगवर 230 च्या जागी 415 येतात आणि ती थोड्याच वेळात जळते. म्हणून प्लेट वाचल्याशिवाय कुणी स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही.

मोटारीला हात लावण्याआधी सप्लाय बंद. ‘बंद’ म्हणजे काय, यावर पहिला पूर्ण दिवस जातो आणि तो जायलाच हवा. आयसोलेटर (सप्लाय तोडणारा स्विच) ऑफ करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि नाव-वेळ लिहिलेला टॅग अडकवायचा. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. त्यानंतर मीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो 240 दाखवतो का ते बघायचं. मग बंद केलेल्या ठिकाणी आर-वाय, वाय-बी, बी-आर (आर, वाय, बी ही तीन फेजची नावं) आणि प्रत्येक फेज ते अर्थ अशी सहा मापं घ्यायची. शेवटी मीटर पुन्हा चालू पॉइंटवर तपासायचा. ही शेवटची तपासणी नव्या मुलांना जास्तीची वाटते. पण मधल्या मधे मीटरचा फ्यूज गेला किंवा लीड आतून तुटली, तर मीटर शून्यच दाखवणार आणि ते शून्य खोटं असणार. नियॉनच्या टेस्टरवर हा निर्णय कधीच सोडायचा नाही. रबरी बूट घालून कोरड्या फळीवर उभं राहिलं तर दिवसाउजेडी त्याचा दिवा दिसतही नाही.

आता मोटारचा टर्मिनल बॉक्स. आत सहा टर्मिनल असतात, तीन वाइंडिंगची दोन-दोन टोकं: खालच्या ओळीत यू1, व्ही1, डब्ल्यू1 आणि वरच्या ओळीत डब्ल्यू2, यू2, व्ही2. वरची ओळ एका घरानं सरकलेली आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. त्यामुळे पितळी पट्ट्या उभ्या लावल्या की डेल्टा होतो (यू1 ला डब्ल्यू2, व्ही1 ला यू2, डब्ल्यू1 ला व्ही2) आणि वरची तिन्ही आडव्या पट्टीनं जोडली की स्टार. स्टार-डेल्टा स्टार्टरला जोडताना सगळ्या पट्ट्या काढून टाकायच्या, कारण ते काम आता कॉन्टॅक्टर (कॉइलला सप्लाय मिळाला की मिटणारे स्विच) करणार आहेत. एखादी पट्टी चुकून राहिली तर पहिल्याच स्टार्टला एमसीबी पडू शकतो. जुन्या मोटारींवर ए1-ए2, बी1-बी2, सी1-सी2 अशी खूण असते. रिवाइंड होऊन आलेल्या मोटारीवर कधी कधी खूणच नसते. तेव्हा मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर आधी तीन जोड्या शोधाव्या लागतात. एवढ्या मोटारचं एक वाइंडिंग काही ओहमचंच असतं, म्हणून लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नये. नेमका आकडा किती हे तितकंसं महत्त्वाचं नाही, तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. एखादं वाइंडिंग स्पष्टपणे कमी दाखवत असेल तर त्यात वेढे आपसात शॉर्ट असल्याची शंका घ्यायची.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजणारं मीटर. 415 व्होल्टच्या मोटारीला 500 व्होल्टचा. लीड मोकळ्या ठेवून इन्फिनिटी आणि टेकवून शून्य आलं की मेगर बरा आहे असं धरायचं. पट्ट्या काढलेल्याच आहेत, त्यामुळे प्रत्येक वाइंडिंग ते बॉडी अशी तीन आणि वाइंडिंग-वाइंडिंगमध्ये तीन मापं निघतात. काटा लगेच वर जातो म्हणून लगेच आकडा लिहायचा नाही, पूर्ण मिनिटभर थांबायचं. बॉडीला लावताना रंग खरवडून उघड्या लोखंडावर क्लिप लावायची, नाहीतर आपण रंगाचा रेझिस्टन्स मोजत बसतो आणि खराब मोटार चांगली ठरवतो. कोरड्या, चांगल्या मोटारीत आकडा शंभर मेगओहमच्या पुढे सहज असतो. एक मेगओहमच्या खाली असेल तर सप्लाय द्यायचा नाही. माप झाल्यावर वाइंडिंग बॉडीला टेकवून डिस्चार्ज करायचं. मेगर लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक टायमर किंवा व्हीएफडी सुटा केलेला असलाच पाहिजे, 500 व्होल्टनं त्यातली कार्डं मरतात.

पावसाळा काढलेल्या मोटारीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा प्रसंग दरवर्षी येतो. साखर कारखान्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि पुढचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. मधले चार महिने मोटारी दमट हवेत उभ्या असतात. मेगरला 0.3, 0.5 असे आकडे येतात. याचा अर्थ वाइंडिंग गेलं असं नाही, ते ओलं आहे. रोटर काढून स्टेटरमध्ये 200 वॉटचे दोन बल्ब ठेवायचे, वर ताडपत्री टाकायची, पण वाफ बाहेर पडायला फट ठेवायची. वाइंडिंगचं तापमान 80-90 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दर तासाला मेगरचा आकडा तापमानासह लिहायचा. पहिल्या काही तासांत आकडा आणखी खाली येतो. इथेच नवा माणूस घाबरतो आणि मोटार रिवाइंडिंगला पाठवतो. खरं तर तापमान दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशन रेझिस्टन्स ढोबळमानानं निम्मा होतो, शिवाय आतला ओलावा सुटून वाइंडिंगभर पसरतो. थांबलं की आकडा तळाला टेकतो, मग चढू लागतो आणि वर जाऊन स्थिरावतो. तो स्थिरावला की मोटार सुकली. तासातासाचे आकडे आलेख-कागदावर मांडले की ही दरी डोळ्यांना दिसते आणि पुढच्या वेळी कुणी घाई करत नाही.

पॅनेलकडे वळू. तीन कॉन्टॅक्टर लागतात: मेन, डेल्टा आणि स्टार. मेन आणि डेल्टामधून लाइन करंटचा 58 टक्के करंट जातो, स्टारमधून 33 टक्के, म्हणून स्टारचा कॉन्टॅक्टर एक साइझ लहान चालतो. पॉवरला 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, कंट्रोलला 1.5 ची. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर 415 ऐवजी 240 व्होल्ट पडतात. त्यामुळे थेट स्टार्टला फुल लोडच्या सहा-सात पट ओढला जाणारा करंट तिसऱ्या हिश्शावर येतो. टॉर्कसुद्धा तिसऱ्या हिश्शावर येतो, हे मात्र विसरलं जातं. भरलेला कन्व्हेयर किंवा दाबाखालचा कॉम्प्रेसर स्टारमध्ये उठतच नाही, मग टायमर वाढवून वाढवून मोटार तापवत बसतात. तिथे लोड सोडूनच स्टार्ट करावं लागतं.

वायर सोलताना तांब्याचा एकही केस तुटता कामा नये. थिंबल (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबल्यावर ओढून बघायचं. दोन्ही टोकांना एकाच नंबरचं फेरूल (नंबर छापलेली छोटी नळी) घालायचं, तेही वायर जोडण्याआधी. आणि एका स्क्रूखाली दोनपेक्षा जास्त वायरी नकोत. कॉन्टॅक्टरवर घट्ट करण्याचा टॉर्क छापलेला असतो, तो बघावा. ढिला स्क्रू तापतो, तापला की तांबं काळं पडतं, रेझिस्टन्स वाढतो, मग आणखी तापतो. पॅनेलमध्ये जळालेली वायर बहुतेक वेळा टर्मिनलपासून पहिल्या दोन इंचांतच जळालेली असते, ती या कारणानं.

कंट्रोल सर्किट तोंडपाठ असण्यापेक्षा बोटानं वाचता आलं पाहिजे. फेज कंट्रोल फ्यूजमधून ओव्हरलोड रिलेच्या (करंट जास्त झाला की सर्किट तोडणाऱ्या) 95-96 वर येतो. असे आकडे म्हणजे उपकरणावर छापलेले टर्मिनलचे नंबर. तिथून स्टॉप बटण, मग स्टार्ट बटण. स्टार्ट दाबला की टायमरच्या 15-16 मधून आणि डेल्टाच्या 21-22 मधून स्टारच्या कॉइलला सप्लाय मिळतो. स्टार उचलला की त्याच्या 13-14 मधून मेनची कॉइल लागते आणि मेन आपल्या 13-14 नं स्वतःला धरून ठेवतो. या क्रमाचा फायदा असा की स्टारचा कॉन्टॅक्टर लोड नसताना मिटतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट टिकतात. वेळ झाली की टायमर 15-16 सोडतो, क्षणभर थांबतो आणि 15-18 मिटवतो. तो सप्लाय स्टारच्या 21-22 मधून डेल्टाच्या कॉइलला जातो. या दोन 21-22 म्हणजे इंटरलॉक, एक मिटलेला असताना दुसऱ्याला मिटू न देणारी सोय. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी मिटले तर स्टारचा कॉन्टॅक्टर तिन्ही फेज एकमेकांवर शॉर्ट करतो, दुसरं काही होऊच शकत नाही. ‘तात्पुरता’ म्हणून इंटरलॉकवर जम्पर (कॉन्टॅक्ट वगळून थेट जोडलेली वायर) टाकलेला पॅनेल दिसला तर बाकी काम बाजूला ठेवून आधी तो जम्पर काढावा. शक्य तिथे दोन कॉन्टॅक्टरांमध्ये मेकॅनिकल इंटरलॉकही बसवावा.

ओव्हरलोड रिलेच्या सेटिंगवर नव्यांचंच नाही, जुन्यांचंही चुकतं. मोटार 11 अँपिअरची, म्हणून रिले 11 वर फिरवला जातो. पण रिले जर मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगला जाणाऱ्या तारांत बसवला असेल, तर त्याच्यातून फक्त 58 टक्के करंट जातो. 11 गुणिले 0.58 म्हणजे 6.4. सेटिंग 6.4 वरच हवं. 11 वर ठेवला तर लाइनमध्ये 19 अँपिअर वाहिले तरी तो शांत बसेल आणि मोटार जळून जाईल. हाच रिले इनकमिंग लाइनमध्ये असेल तर 11 बरोबर. म्हणून आकडा ठरवण्याआधी रिले कुठे बसलाय ते तारेवर बोट ठेवून बघायचं. ट्रिप झाल्यावर रिलेतली बायमेटल पट्टी थंड होईपर्यंत तो रिसेट होत नाही. ती वेळ कारण शोधण्यासाठी वापरायची.

सप्लाय देण्याआधी मोटारच्या बॉडीचं अर्थिंग तपासायचं. थ्री-फेज मोटारच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या लागतात, नियमच तसा आहे. दोन्ही तारा एकाच बोल्टखाली दाबल्या तर त्या दोन धरत नाहीत. मग मोटारच्या सहा तारा काढून ठेवून फक्त कंट्रोल चालवून बघायचा: स्टार, मेन, टायमर, डेल्टा या क्रमानं टक्-टक् आवाज यायला हवा. तो आला की मोटार जोडायची, टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) एका लाइनवर लावायचा आणि स्टार्ट द्यायचा. करंट उसळतो, मग हळूहळू उतरून स्थिर होतो. तो स्थिर व्हायला जितके सेकंद लागले तितका टायमर. रिकाम्या मोटारीला दोन-तीन सेकंद पुरतात, पंपाला पाच-सात, मोठ्या पंख्याला त्याहून जास्त. करंट उतरायच्या आधीच डेल्टात टाकलं तर उसळी जवळजवळ थेट स्टार्टइतकीच येते आणि स्टार-डेल्टा लावून काही मिळत नाही.

आता फॉल्ट. सगळे बाहेर जातात, एकजण पॅनेलमध्ये दोष टाकतो, बाकीच्यांनी शोधायचा. नियम एकच: मीटरनं जागा नक्की होईपर्यंत एकही वायर सोडायची नाही. अंदाजानं वायरी काढत गेलं की मूळ फॉल्ट राहतो बाजूला आणि आपलेच दोन नवे तयार होतात.

स्टार्ट दाबला, काहीच होत नाही. मीटरची एक लीड न्यूट्रलवर ठेवायची आणि दुसरी फेजच्या वाटेनं चालवत न्यायची: फ्यूजच्या आधी 240, नंतर 240, 95 वर 240, 96 वर 240, स्टॉपच्या आत 240, बाहेर शून्य. सापडलं, स्टॉप बटणाचा कॉन्टॅक्ट उघडा आहे. पण समजा स्टार्ट दाबून धरल्यावर स्टारच्या कॉइलच्या ए1 टोकापर्यंत सगळीकडे 240 आहे आणि तरी कॉइल उचलत नाही. तेव्हा न्यूट्रलवरची लीड अर्थवर न्यायची आणि दुसरी कॉइलच्या ए2 टोकावर ठेवायची. ए2 वर 240 दिसले तर न्यूट्रल तुटलेला आहे, कारण कॉइलमधून फेज पलीकडे आला आणि पुढे वाट नाही. हे रीडिंग पहिल्यांदा पाहणारा ‘न्यूट्रलला फेज कसा आला’ म्हणून गोंधळतो. एकदा स्वतः पाहिलं की मग विसरत नाही. सोडलेल्या वायरवर डिजिटल मीटर कधी 60, कधी 90 व्होल्ट दाखवतो. शेजारच्या तारेतून आलेला तो फसवा व्होल्टेज असतो, लो-इम्पीडन्स रेंजवर किंवा टेस्ट लॅम्प लावल्यावर नाहीसा होतो.

कॉन्टॅक्टर थरथरतो, घर्र आवाज करतो. आधी कॉइलवर छापलेला व्होल्टेज वाचा. 415 च्या कॉइलला 240 दिले तर ती धड उचलत नाही, थरथरते आणि कॉन्टॅक्ट जाळते. 240 च्या कॉइलला 415 दिले तर वास यायला वेळ लागत नाही. व्होल्टेज बरोबर असेल तर कोअरच्या तोंडावर धूळ-गंज आहे का, थरथर थांबवणारी तांब्याची शेडिंग रिंग तुटली आहे का ते बघायचं.

आमच्या मते सर्वांत शिकवणारा फॉल्ट डेल्टाच्या तारांचा. मोटार स्टारमध्ये झकास उठते, डेल्टात जाताच वेग ओसरत जाऊन थांबते, कुठेही ट्रिप नाही, टाँग टेस्टर शून्य. मुलं टायमर बदलायला निघतात. कारण वेगळंच असतं: डेल्टा कॉन्टॅक्टरनं यू2 ला यू1 चाच फेज दिलाय, व्ही2 ला व्ही1 चा, डब्ल्यू2 ला डब्ल्यू1 चा. वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज, मग करंट वाहणार कसा? यू1 बरोबर डब्ल्यू2 ठेवून फक्त बाकीच्या दोन तारा आपसात बदलल्या तर चित्र निराळं होतं. व्ही वाइंडिंग मेलेलं राहतं, उरलेली दोन्ही एकाच फेजजोडीवर येतात, मोटार घुमते, करंट चढतो आणि रिले पडतो. पहिल्यात करंट शून्य, दुसऱ्यात भरमसाट. लक्षणावरूनच चूक कोणती ते सांगता येतं.

चालत्या मोटारचा एक फेज जाणं हा आणखी एक फसवा प्रकार. फ्यूज गेलेल्या फेजवरही मीटर बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवतो, कारण फिरती मोटार तो मागून तयार करते. म्हणून इथे व्होल्टेज सोडून तिन्ही लाइनचा करंट मोजायचा, ज्यात शून्य तो फेज गेलेला. जळून आलेली मोटार उघडल्यावरही हे वाचता येतं. डेल्टात एक फेज गेला असेल तर एका फेजच्या कॉइली काळ्या आणि दोन फेजच्या चांगल्या दिसतात. स्टारमध्ये उलट, दोन काळ्या आणि एक चांगली. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर ओव्हरलोड किंवा हवा बंद, म्हणजे कूलिंग फॅन तुटला किंवा फिन्समध्ये कचरा भरला.

बेअरिंगचं काम थोडक्यात. 6208 चं आतलं भोक 40 मिलिमीटर, शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की झालं. पुलरचे (बेअरिंग ओढून काढायच्या साधनाचे) पंजे आतल्या रिंगला धरले पाहिजेत. नवं बेअरिंग इंडक्शन हीटरवर 110 अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवायचं. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की गोळ्यांचे ठसे रेसवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. ग्रीस ठासून भरायचं नाही, मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत पुरे. जास्त ग्रीस घुसळलं जाऊन तापतं.

शेवटी मोटार लोडवर तासभर चालवून तिन्ही लाइनचा करंट आणि तिन्ही लाइन व्होल्टेज वहीत लिहायचे. व्होल्टेजमधला एक टक्क्याचा फरक करंटमध्ये सहा ते दहा टक्क्यांचा होऊन दिसतो, त्यामुळे करंट असमान दिसला की मोटारला दोष देण्याआधी इनकमिंग बघायचं. आठवड्यानं सप्लाय बंद करून, कुलूप लावून सगळे स्क्रू पुन्हा एकदा घट्ट करायचे. नवी तांब्याची वायर दाबाखाली बसत जाते आणि एक-दोन स्क्रू पाव फेरी फिरतातच. ते बहुधा मोटारच्या टर्मिनल बॉक्समधले निघतात, कारण कंपन तिथे जास्त असतं.